गोळ्यांचा खुळखुळा

सोमवार, ९ तारीख, दुपार

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

कालपासून कानात एकच आवाज घुमतोय. खुळखुळ, खुळखुळ. तुझ्या लेकीला, आपल्या चिमीला दात येत होते, रडून घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा मी माझी औषधाची बाटली तिच्या कानाशी वाजवायचो. शाळेतल्या कवितेच्या चालीवर जुळवलंही होतं,

खुळखुळ गोळी, कुठे तुझी आई?
काचेच्या घरात झोप का नाही?

पोर खुदकन हसायची. तुझी आई म्हणायची, “कविराज, मूल झोपवताय की उठवताय?”

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. चिमी अभ्यास करते. म्हणजे पुस्तक उघडं असतं.

फोनवर जमत नाही गं. तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्यावर बोलून मोकळा होतो. बदलीच्या गावी तू एकटी, तुला आणखी घोर कशाला? पण आता लिहितोच.

गेल्या आठवड्यात माझ्या झोपेच्या गोळ्यांची बाटली हलवली, तर आवाज बोदा. एक जिभेवर ठेवली. पेपरमिंट! खऱ्या गोळ्या चिमीने काढून घेतल्या होत्या. विचारलं तर म्हणते, “सगळेच आणतात घरून. कंपासपेटीत एकत्र करायच्या, डोळे मिटून एक उचलायची. मजा! डॉक्टरांनीच दिलेल्या ना, विष थोडंच आहे?”

“अगं, माझ्या म्हातारपणाची गोळी तुला कशी मानवेल?”

“तुम्ही ना आजोबा, कवितेतच राहा. आणि आईला सांगू नका.”

नाही सांगितलं. शुक्रवारी तिची ती उंच मैत्रीण, आपली शिडी, मधल्या सुट्टीत बाकावर डोकं ठेवून झोपली ती उठेचना. दवाखान्यात आहे. काल डोळे उघडले म्हणतात. आज सकाळी मी चिमीकडे कंपासपेटी मागितली, तर ती छातीशी धरून शाळेत पळाली. पेटी अजून तिच्याचकडे आहे, माऊ. म्हणून जीव थाऱ्यावर नाही. रजा काढून ये. मला हवं तेवढं बोल, पण ये.

थांब. शाळा सुटायला अजून अवकाश आहे, आणि जिन्यात पत्र्याच्या पेटीचा खुळखुळा वाजतोय.

“आजोबा, उघडा ना. सगळ्यांकडून काढून आणल्यात. आज मी एकही नाही खाल्ली.”

दार उघडायला उठतोय. तू तरीही ये.

तुझे जागे
बाबा