मागच्या सीटला सेन्सर नाही

प्रिय प्रतिक्षा,

तुला आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याला आशीर्वाद. फोन सोडून बाप कागद का खरडतोय, असं वाटेल तुला. फोन लावला की तुझी आई स्पीकर चालू करायला लावते आणि शेजारी येऊन बसते, म्हणून. आत्ता ती भाजी आणायला गेलीय, तेवढ्यात लिहून घेतो.

आधी गाडीचं सांगतो, तिनं माझं डोकं उठवलंय. रिटायर झाल्यावर हौसेनं ही जुनी कार घेतली, तुला माहीतच आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ती पीं पीं करते. गादीखाली सेन्सर असतो, त्यावर भार पडला की गाडीला कळतं माणूस बसलंय म्हणून. तुझ्या आईचं आणि त्या पीं पींचं पहिल्या दिवसापासून वैर. पट्ट्यानं साडी चुरगळते म्हणून ही लावायची नाही, गाडी बोंबलायची, आणि मी दोघींच्या मध्ये. दिवाळीनंतर आवाज एकाएकी बंद झाला. आई खूश. मला मात्र चैन पडेना. सेन्सर बिघडला आणि उद्या कुठं धडकलो, तर तिच्या बाजूची एअरबॅग उघडेल की नाही कोण जाणे.

गाडी शिवकुमारच्या गॅरेजात नेली. तो म्हणाला, काका, सीटवर ही चौपदरी चादर कशाला? आईनं घातली होती, सीट टोचते म्हणून. जाड चादरीनं भार पसरत असेल, म्हणाला. काढली. तो बसला, पीं पीं झाली. घरी आलो, आई बसली, गाडी गप्प. परत गॅरेज. त्यानं कॉम्प्युटर जोडला, सीटखालची वायर हलवून बघितली, शेवटी सेन्सरच बदलला. आता तो त्याला वाजतो, मला वाजतो, मी सीटवर ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्यालासुद्धा वाजतो, फक्त तुझ्या आईला वाजत नाही. ज्वारीला माणूस समजणारी आणि माणसाला काहीच न समजणारी गाडी माझ्याच नशिबी कशी आली, सांग. शिवकुमारवर मी एवढा तापलो की त्यानं मागवलेला चहाही घेतला नाही.

मग गुरुवारी आईलाच गॅरेजात नेलं. यायला तयार नव्हती. दळण आणायचंय, कपडे वाळत घालायचेत, सतरा कारणं. ती बसली आणि गाडी गप्प. गाडी चालवताना माझं लक्ष रस्त्यावर असतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी बाहेर उभा राहून तिच्याकडं बघितलं. दाराकडच्या कुशीवर कलून, सीटच्या कडेला जेमतेम टेकलेली, आणि वरचं हँडल हातात गच्च धरलेलं. मी वैतागलेलोच होतो. म्हटलं, "अगं, नीट टेकून बस की! एसटीत उभी असल्यासारखी काय लटकतीस?"

ती टेकून बसली. पीं पीं सुरू झाली. शिवकुमार "वाजला, वाजला!" म्हणून हसायला लागला, आणि तुझ्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. उभा जन्म मी बार्शीच्या गाडीत कंडक्टरकी केली. कुणाला उलटी होणार आणि कुणी तिकीट काढलेलं नाही, हे मला चेहऱ्यावरून कळायचं.

घरी येऊन खोदून खोदून विचारलं. कमरेखाली उजवीकडं दुखतंय, दिवाळीपासून. टेकून बसवत नाही, रात्री कूस बदलवत नाही. झंपरसुद्धा आत घ्यावे लागलेत, एवढी उतरलीय. दवाखान्याचं नाव काढलं की भांडी आपटते. म्हणते, "पोरगी पहिल्या बाळंतपणाला येतीय. मला काय निघालं तर तिला कोण बघणार? तिला कळू द्यायचं न्हाय." बाळंतपण उरकलं की दाखवीन म्हणते. मला तिचा लई राग येतो. आणि भीती वाटते, प्रतिक्षा. खरंच भीती वाटते.

तुझ्या या दिवसांत तुला हे सांगू नये, कळतं मला. पण माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. पत्र मिळालं की फोन कर, आणि सरळ सांग की आई, तू डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी माहेरी पाऊल ठेवणार नाही. खोटं खोटं का होईना, सांग. आणि उशीर करू नकोस. कालपासून ती मागं बसायला लागलीय. मागं ऐसपैस वाटतं म्हणे. मागच्या सीटला सेन्सर नाही, हे तिनं शिवकुमारला आधीच विचारून घेतलंय.

तुझाच,
पप्पा