वीस फेब्रुवारी, खऱ्या कॅलेंडरची

४ फेब्रुवारी १९२६, पॅरिस. रस्त्यावरचे लोक आज १७ म्हणतात. म्हणोत बापडे. ते तेरा दिवस पुढचं नवं कॅलेंडर रशियात क्रांतीवाल्यांनी आणलं. आमचं चर्च ते मानत नाही, मीही नाही.

जनरल ओबल्यानिनोव यांचं पत्र आलं. एका मोठ्या हॉटेलात आता त्यांचा शब्द चालतो. जागा रिकामी आहे, २० तारखेला सकाळी नऊला या, उशीर नको. कसली जागा ते लिहिलेलं नाही. अर्थात मॅनेजरची. अख्ख्या प्रांताचा उपगव्हर्नर होतो मी, हॉटेल म्हणजे काय!

संकल्प : नोकरी लागली की बायकोचं, कापितोलिनाचं, मणीकाम बंद. फ्रेंच बायकांच्या झग्यांवर मणी शिवून शिवून तिची नजर अधू झाली. डॉक्टर म्हणतो, हे सोडलं नाही तर उन्हाळ्यापर्यंत दिसायचं बंद होईल. काल बोर्श सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली. मी काही बोललो नाही. दोनदाच बोललो.

५ फेब्रुवारी. कापितोलिना म्हणते, अहो, परवा जायचंय ना? म्हटलं, पंधरा दिवस आहेत. ती म्हणते, जनरल फ्रेंचांकडे कामाला, तारीखही फ्रेंचांचीच लिहिणार, विचारून तरी घ्या. झारच्या जनरलला विचारायचं, तुमची वीस कुठली? म्हणजे तुम्ही त्या क्रांतीवाल्यांना सामील झालात का, असंच विचारणं. मग मी विचारते, म्हणाली. खबरदार, म्हणालो.

६ फेब्रुवारी. हॉटेल सुधारण्याचा आराखडा. मुद्दा एक : वेटरांचे चौदा हुद्दे पाडणे, झारच्या सरकारात होते तसे. मुद्दा दोन सुचेना. पडलो जरा.

७ फेब्रुवारी, सकाळी ८. खाली हॉर्न. कर्नल झाव्यालोव, हल्ली टॅक्सी चालवतात. कापितोलिनाने परस्पर बोलावलेलं. ओरडत होते, उतरा साहेब, फुकट सोडतो, आयुष्यात पुन्हा असं म्हणणार नाही! खिडकीतून सांगितलं, तेरा दिवसांनी या. ते म्हणाले, तेव्हा पेट्रोल तुमचं. ती इस्त्री केलेला कोट धरून दारात उभी. घातला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सकाळी १०. तिने कोट परत कपाटात टांगला. बायकांना प्रशासन कळत नाही.

१३ फेब्रुवारी. निळ्याच्या जागी हिरवे मणी शिवले म्हणून दुकानाने झगा परत पाठवला. म्हटलं, आठवडाभर कळ काढ. म्हणाली, आठ वर्षं तेच करतेय.

मुद्दा दोन अजून नाही.

२० फेब्रुवारी. चालत गेलो. नऊला पाच कमी असताना हजर.

जनरल म्हणाले, स्तेपान येवग्राफोविच, तेरा दिवस कुठे होता? मी तत्त्व समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, चर्चमध्ये मीही जुनंच पाळतो हो, पण इथे पाहुणे नव्या तारखेने उतरतात. जागा पिझिकोवला दिली. पिझिकोव! माझ्या कचेरीतला नक्कलनवीस! त्यालाही तसंच पत्र गेलेलं; तो म्हणे मिळताच विचारायला आला होता, कुठली वीस.

जागा मॅनेजरची नव्हतीच. पाहुण्यांचे कोट सांभाळायची. पिझिकोव अदबीने पुढे आला. म्हणाला, उपगव्हर्नरसाहेब, कोट देता का? नंबर देतो.

घरी सांगितलं, जनरल आजारी आहेत.

६ मार्च. रस्त्यावरची तारीख, कापितोलिनाने सांगितली.

तिला सगळं कळलं. झाव्यालोवनी सांगितलं असणार. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, अहो, मला सुईचं भोक दिसत नाही, तेवढा दोरा ओवून द्या. चाळीसेक सुया ओवल्या. मध्ये म्हणाली, लांब घेऊ नका, गुंता होतो. बरं, म्हटलं.

उद्या सकाळी आठला पुन्हा बसायचंय. उद्या म्हणजे सात मार्चच ना, विचारून घेतलं.