नेमकी वाट

२ फेब्रुवारी, सोमवार

नेवाशाला सुखरूप पोचलो. एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सुधारायचंय; भंडारदऱ्याच्या नव्या शाखेला इथून काहीच पोचत नाही. खोलीवाल्या गीताबाईंनी चहाआधी चौकशी केली, "कुनाचे तुमी?" कौतुक व्हावं म्हणून सांगितलं, पणजोबा इथलेच. कंचं घर, म्हणाल्या. ते कुणाला ठाऊक! बाई गंभीर झाल्या. "परकं म्हनला असता तर बरं हुतं." काय हे आतिथ्य! असो. शनिवारी नाशकात लेकीचा, देवश्रीचा, साखरपुडा. गुरुवारी निघणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राऊटर पाहिला. भंगारवाल्यानेही नाक मुरडावं असा ठोकळा, वर हळदकुंकू. नियमही तितकाच जडमती. माहितीच्या पॅकेटवरचा पत्ता संपूर्ण परका असेल तर ते डीफॉल्ट, म्हणजे सरसकट ठरलेल्या, वाटेने बाहेर सोडायचं. पत्ता आपल्याच घराण्यातला, पण शाखा अनोळखी, तर वाट मोकळी असूनही फेकून द्यायचं. भंडारदऱ्याचं हेच झालंय. बदलतो म्हटलं, तर हनुमंत कारकून हात जोडून उभा. "ऱ्हाऊ द्या सायेब, गाव बी असंच चालतंय." धन्य तो शास्त्रार्थ!

५ फेब्रुवारी, गुरुवार

नगरच्या एसटीत बसलो, डुलकी लागली. डोळे उघडले तर पुन्हा नेवाशाचाच स्टँड. शेजारचा सुरतचा साडीवाला केव्हाच नगरला उतरला म्हणे. कंडक्टर म्हणतो, तुम्ही चढलाच नव्हता. महामंडळाची स्मरणशक्ती!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रिक्षा केली — फाट्यापाशी वळण, पुढे स्टँड. पायी निघालो. ऊस संपला — स्टँड. बायकोला, सरोजिनीला, फोन लागतो, पण माझा आवाज तिला जात नाही. ती नुसती हॅलो हॅलो करते, मग रडते.

गाव बी असंच चालतंय म्हणे; मग मीही घराण्यातलाच, शाखा अनोळखी. दुपारी राऊटरचा नियम बदलला. शाखा अनोळखी असली तरी आता डीफॉल्टने सोडेल. भंडारदरा तात्काळ लागलं. हनुमंताचं तोंड पाहण्यासारखं. नेमकी वाट ठाऊक असेल तरच पॅकेट तिकडे वळेल. माझ्या घराची वाट इथे कुणाला ठाऊक?

७ फेब्रुवारी, शनिवार

एसटीत. फाटा मागे पडला! सरोजिनीला आवाज गेला. म्हणाली, लवकर या, पाहुणे आलेत.

गाडी थांबली. स्टॉप नसताना.

खिडकीशी गीताबाई. हसताहेत. "उतरा की आता. घावलं तुमचं घर."

बोळाच्या टोकाला उघडं दार. आत पाट मांडलेला — ताट वाढलेलं —

मी उतरणार नाही. नाशिकचं तिकीट आहे हातात. पण नेमकी वाट ठाऊक झाल्यावर डीफॉल्टला कोण —

पायरी. पाय माझे ऐकत —

देवश्री, बाळा, मी येतोच, तू अंगठी —