बाबांचा शब्द

कालुंगु, ४ ऑगस्ट १९९६

ति. लुबेगादादांस,
नान्तेझाचा सा. न. वि. वि.

फाटक उघडं राहिलं म्हणून बाबा निघून गेले, असं मी मागच्या पत्रात कळवलं होतं. ते चूक होतं. दुकानदार किझ्झाने परवा स्वतःच येऊन सांगितलं. बाबांनी आतून त्याला "उघड" म्हटलं आणि त्याने बाहेरची कडी काढली. कुळाच्या प्रमुखाला कुठे निघालात, हे विचारायचं कोणी? पुढे सायकलवाल्याने फुकट मसाक्याच्या रस्त्यापर्यंत सोडलं. तिथल्या बायकांनी गुडघे टेकून मटोके, उकडलेली केळी, वाढली. चौथ्या दिवशी ते दलदलीत सापडले. एवढ्या लोकांनी मान दिला, म्हणून हरवले. पाय अजून सुजलेले आहेत. पुढच्या खेपेला जिवंत सापडतीलच असं नाही.

त्यांच्या कान्झूला, त्या लांब झग्याला, आतून नाव-गाव शिवावं आणि लोकांना खरं सांगावं, असं वाटतं. तुमची परवानगी हवी. लोभ आहे तसाच राहू द्या.

आपली,
नान्तेझा

कंपाला, ९ ऑगस्ट

चि. नान्तेझास,
लुबेगाचे आशीर्वाद.

इथल्या दुकानाच्या कारकुनाकडून लिहवतोय, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. नाव शिवायला बाबा काय गुरं आहेत? त्यांचं डोकं गेलं हे कळलं, तर प्रमुखपद आपल्या घरात राहील का? काका टपूनच बसलेत. सोमवारी, १९ला लोहार येईल. मागच्या खोलीला बाहेरून लोखंडी दार बसवेल, पायातल्या साखळीसाठी भिंतीत कडीही. गावात आजारी म्हणून सांग. आपल्या घरात शाळेत गेलीस ती तू एकटी. बापाचा शब्द मोडायला तिथेच शिकवलं का?

तू बारीक झालीस असं ऐकतो. जेवत जा.

लुबेगा

कालुंगु, १३ ऑगस्ट

ति. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पाठोपाठ लोहाराचा माणूस दाराचं माप घ्यायला आला. बाबांनी विचारलं, हे कोणासाठी. तो चाचरत म्हणाला, चोरासाठी. तर म्हणाले, "मग नीट मजबूत बसव. सुटला तर गावाला त्रास."

लोहार येण्याच्या आदल्या दिवशी आपल्याच अंगणात कुळाची बैठक आहे. मी सगळ्यांसमोर गुडघे टेकून सांगणार आहे, की बाबांचं डोकं आता चालत नाही, त्यांनी सांगितलं तरी फाटक उघडू नका, रस्त्यात दिसले तर रागावले तरी घरी आणा. प्रमुखपद काकांकडे जाईल. तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हेही धरून चालले आहे. तरीही लोभ असावा.

आपली,
नान्तेझा

यायचं तर तारीख चुकू नये, म्हणून स्पष्ट लिहिते: रविवार, १८ ऑगस्ट.