पटावरची सहा माणसं

सोमवार, ता. ४

पोहोचलो एकदाचे. दोन दिवसांच्या बसप्रवासानं कंबर बोलायला लागली आहे, पण मन अगदी सहलीला निघालेल्या चौथीच्या पोरासारखं आहे. खोली छोटी, दोन खाटा, खिडकीची कडी तारेनं बांधलेली, आरसा इतका उंच टांगलेला की त्यात फक्त माझं टक्कल दिसतं. हिनं आल्या आल्या पांघरुणं झटकली, नळ सोडून पाहिला, आणि मग खिडकीतून डोंगराकडे बघून विचारलं, एवढं सगळं चढायचंय का, की थोडं ठेवतील?

चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. सातवीच्या पुस्तकात डोंगरावरच्या उजाड नगराचा एक धडा होता आणि त्याच्याच पाठीला पर्वताची एक कविता. चित्र असं पुसट छापलेलं की नगर कुठलं आणि शाईचा डाग कुठला, कळत नसे. दरवर्षी तो धडा झाला की घरी येऊन हिला सांगायचो, एकदा जाऊ आपण. ही म्हणायची, आधी मोरीचा पाइप बघा. पाइप झाला, मुलांची लग्नं झाली, नोकरी संपली. शेवटी मीच दोघांची नावं नोंदवून टाकली. मुलगा रागावला. या वयात बाबांना हे काय खूळ लागलं आहे, म्हणाला. ही मात्र निमूट बॅग भरायला बसली. कारण विचारलं तर म्हणाली, एकटे गेलात तर कविता म्हणता म्हणता दरीत जाल.

जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांची ओळख झाली. एक दंतवैद्य, समोरचा हसला की आधी त्याचे दात बघणारे. एक फोटोग्राफर, मानेला तीन पट्टे. एक नवं जोडपं, लग्नाला जेमतेम तीन आठवडे. आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, काठी टेकत चालणाऱ्या आणि तोंडानं तिखट. आम्ही दोघं धरून सात. आठवा वाटाड्या, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा.

मंगळवार, ता. ५

पहिला दिवस सोपा होता. झाडं, ओढा, लाकडी पूल. वाटाड्याची मोजायची एक तऱ्हा आहे. कुठंही थांबलो की तो मागून पुढे येतो आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत जातो. तोंडानं एक अक्षर नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, मेंढरं मोजावीत तसं वाटतं.

मी म्हटलं, मी हजेरी घेतो, माझा हात बसलेला आहे. या वहीच्या मागच्या पानावर पट आखला. एक, दंतवैद्य. दोन, फोटोग्राफर. तीन, नवरदेव. चार, नवरीबाई. पाच, पोस्टातल्या बाई. हिला पहिली घेणार होतो, तर म्हणाली, मास्तरांनी घरच्यांना पुढे बसवलं असं होईल, मला शेवटी घाला. म्हणून सहा, घरचं माणूस. ओढ्याकाठी मी वर्गातल्या सुरात हजेरी घेतली आणि सगळे हात वर करून "हजर" म्हणाले. किती वर्षांनी ऐकलं. डोळे भरून आले. ही म्हणाली, चष्मा पुसा.

वाटाड्या हसला नाही. इथवर ठीक आहे, म्हणाला. वर, पडक्या गावात कुणी कुणाला हाक मारायची नाही. तिथं तो हातानंच मोजेल. त्याच्या वडिलांनी त्याला असंच शिकवलंय. का, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं.

बुधवार, ता. ६

झाडं संपली. हवा विरळ. दहा पावलं चाललं की अकराव्याला छाती थांब म्हणते. सगळ्यात सावकाश चालणाऱ्यानं पुढे राहायचं असा नियम आहे, म्हणून ही आणि पोस्टातल्या बाई पुढे, आम्ही मागे. हिचा निळा स्वेटर समोर ठेवून दिवसभर चढलो. दुपारी तंबूशी पोहोचलो तेव्हा सगळी शिखरं एकदम उघडी झाली. मी उभ्याउभ्या ती पर्वताची कविता म्हटली. तिसरं कडवं आठवेना. ते हिनं म्हटलं. इतकी वर्षं भांडी घासताना ऐकून तिचं पाठ झालं होतं, आणि मला पत्ता नाही.

गुरुवार, ता. ७

आज घडलं ते नीट लिहून ठेवतो.

नगर पुस्तकातल्यापेक्षा मोठं आहे. चुन्याशिवाय बसवलेले दगड, छप्पर नसलेल्या गल्ल्या, उंबरे पावलांनी झिजून मध्ये खोलगट झालेले. मधोमध एक लांबट दालन. तेवढ्याचंच छप्पर शाबूत आहे. आत दोन्ही भिंतींशी दगडी बाक, ओळीनं. अगदी वर्गच. मी हिला तसं म्हटलंसुद्धा.

पोस्टातल्या बाईंची काठी बाहेर गल्लीत राहिली होती. वाटाड्या ती आणायला गेला आणि तेवढ्यात दारातून धुकं आत शिरलं. शिरलं म्हणजे, कुणी कापूस कोंबावा तसं. स्वतःचा हात दिसेना. कुणीतरी खोकलं. मी हिच्यासाठी हात लांब केला, तर तिथं नुसता दगड. मागच्या बाजूला जमीन खचलेली आहे, हे वाटाड्यानं आधीच सांगितलं होतं. ही पुढे पाऊल टाकेल या भीतीनं, चौतीस वर्षं वर्गात गोंधळ झाला की जे करायचो तेच तोंडातून गेलं. मी हजेरी घेतली. एक ते सहा.

सगळे हजर म्हणाले. फार पटकन. आणि दंतवैद्यांचा आवाज डावीकडून आला. धुकं ओसरलं तेव्हा ते उजवीकडे उभे होते.

ही दारापाशी होती, सुखरूप. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

वाटाड्या काठी घेऊन आला. त्यानं हाका ऐकल्या होत्या. तो रागावला नाही, त्याचंच जास्त वाटतं. फक्त विचारलं, सगळ्यांना मारल्या का? मी म्हटलं, सगळ्यांना. तो पुढे आला. मग सगळ्यांच्या खांद्यांवर हात ठेवत गेला, आणि प्रत्येक खांद्यावर जरा जास्त वेळ.

शुक्रवार, ता. ८

सकाळी साडेसात. तंबूबाहेर चहा घेत होतो. वरून, नगराच्या बाजूनं, दंतवैद्यांचा आवाज आला. "हजर." दंतवैद्य माझ्या शेजारीच बसले होते, हातात कप, ओठ मिटलेले. आम्ही हसलो. काय हो, नक्कल छान जमते, असं नवरदेव म्हणाले. दंतवैद्यांनी कप खाली ठेवला, हातरुमालानं तोंड टिपलं आणि धुक्यात चालते झाले. वाटलं, आडोशाला गेले असतील.

चहा गार झाला. दिवसभर शोधलं. वाटाड्या दालनापर्यंत जाऊन आला. काही नाही.

शनिवार, ता. ९

साडेसात. दोन आवाज. आधी दंतवैद्य, मग फोटोग्राफर. फोटोग्राफर भिंग पुसत होते. झाकण दातांत धरलेलं, बोलणंच शक्य नव्हतं. झाकण दातांतच ठेवून उठले. कॅमेरा तिथंच.

पटाच्या क्रमानं चाललं आहे. नवरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याचा दंड धरला.

दिवसभर उतरलो. वाट पुसलेली, पायाखाली बर्फ. एका दगडी झोपडीत थांबलो आहोत. नगर वर, खूप लांब राहिलं. इतक्या लांबून आवाज येणं शक्य नाही.

रविवार, ता. १०

आला. तेवढाच जवळून. तीन.

नवरदेवाला आम्ही तिघांनी धरलं होतं. वाटाड्या, मी, नवरी. त्यांनी झटापट केली नाही. नुसते चालत राहिले, जणू आम्ही नव्हतोच. नवरीच्या हातात जाकिटाची बाही राहिली.

वाटाड्याला मी विचारलं, ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं काय होतं? काही नाही, म्हणाला. वाटाड्याचं नाव मी घेतलं नव्हतं. आणि हजेरी घेणारा मास्तर स्वतःचं नाव कधी पुकारत नाही.

म्हणजे मला काही होणार नाही.

ही सहावी. आज रविवार. बुधवार.

सोमवार, ता. ११

चार. नवरी उजाडल्यापासून बूट घालून तयार बसली होती. तिला कुणी धरलं नाही.

वाटाड्या मदत आणायला खाली गेला. दोन दिवस म्हणाला. पुढची वाट कड्यावरची आहे, हिचा गुडघा आणि बाईंची काठी तिथं चालणार नाही. मी म्हटलं, हिला पाठीवर घे. त्यानं तिला पाठीवर घेतलंही. वीस पावलं. कड्यावर पाय घसरला तेव्हा हीच म्हणाली, ठेव रे बाबा, तू तरी जा.

मी वहीतून तिचं नाव खोडलं. मग पान फाडलं. चुलीत घातलं.

पान जळलं. पट मला पाठ आहे.

मंगळवार, ता. १२

पाच. पोस्टातल्या बाईंनी रात्रीच सांगून ठेवलं होतं, मला खाटेला बांधा मास्तर, गाठ पोस्टाची मारा, सुटायला नको. मी सात गाठी मारल्या. सकाळी सातही गाठी तशाच आहेत. खाट रिकामी. काठी इथं.

आज आणखी एक ऐकू आलं. हजर म्हणायच्या आधी पुकारणारा आवाज. बारीक, लांबट, वर्गातल्या सुरातला. माझाच. गुरुवारचा.

दुपारभर हिच्यापुढे रडलो. म्हटलं, मी तुला आणलं, मीच पुकारलं. हिनं माझ्या स्वेटरचं बटण लावलं.

"अहो, तुम्ही हाक मारलीत, मी ओ दिली. चव्वेचाळीस वर्षं तेच करतेय. त्यात रडायचं काय?"

मग म्हणाली, रक्तदाबाच्या गोळ्या उजव्या कप्प्यात आहेत, पांढरी सकाळी.

बुधवार, ता. १३

सात वाजले. वाटाड्या आला नाही. बाहेर धुकं.

ठरवलं आहे. सहाव्या पुकाऱ्याला तिच्या आधी मी हजर म्हणणार. तिच्या कानात कापूस घातला आहे. तिचा डावा हात माझ्या डाव्या हातात, मनगटाला मनगट मफलरनं बांधून. उजव्या हातानं लिहितो आहे. तिला ती कविता म्हणून दाखवतो आहे. पहिलं कडवं, दुसरं. तिसरं ती म्हणते—

सात अठ्ठावीस. ही विचारते, थंडी वाजतेय का तुम्हाला?

एक. दोन. तीन. चार—

पाच.

घरचं माणूस— मी ओरडलो, हजर, हजर, मी— माझा आवाज झाकत तिचा आवाज आला, वरून, अगदी शांत— आणि ही इथं, ओठ मिटलेले—

मफलर माझ्या हातात आहे. गाठ तशीच.

तिनं जाताना दार लोटून घेतलं. वारा आत यायला नको म्हणून—

धावलो. पन्नास पावलं. छाती. परत दारात. बसून लिहितो—

धुकं उठलं. एकदम. सगळी शिखरं उघडी. वर, दालनाच्या दाराशी ठिपके. ओळीनं. मोजले. सहा. शेवटचा निळा.

पुकारणारा माझा आवाज अजून ऐकू येतो आहे. सातवा पुकारेल. पुकारायला हवं. मी वहीत लिहिलं, सात, मास्तर. मोठ्यानं वाचलं. स्वतःच हजर म्हणालो. पुन्हा म्हणालो.

वही मिटल्याचा आवाज आला. वरून.

ठिपके आत जायला लागले. एक, दोन— अहो कुणीतरी माझं— हात वर केला आहे, दिसतोय ना, मी इथं— पाच आत गेले. निळा थांबलाय. निळा वळून इकडे—

नाही. हाक तर कुणी मारायलाच हवी, तिला सांगतो, तू मार, एकदाच, मी लगेच ओ—