अंजनीबाईंचं पान

११ सप्टेंबर

पोचलो बाप्पा एकदाचे जबलपूरला! ट्रकमध्ये फक्त लोणच्याची बरणी फुटली. बरंच झालं, मला कित्येक महिने लोणच्याकडे बघायचीही मनाई आहे. माझ्या नवऱ्याने, दिवाकरने, मात्र घरात कोणी गेल्यासारखं तोंड केलं.

दिवाकरची नागपूरहून खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत बदली झाली. क्वार्टर मिळायला दिवाळी उजाडेल, तोवर चिंतामणरावांच्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतलाय. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले, काटकुळे, फार मऊ बोलणारे. घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलंच. सून कुंदा, तिचा नवरा मस्कतला. कुंदाचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. मला म्हणाली, दीदी, सामान काहून उचलून राहिल्या, मैं भेजती हूँ ना किसी को. मला आवडली.

आता ही वही. नागपुरात माझ्या पोटाचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले. मोठं पोट कापून केळ्याएवढं ठेवलंय. डाएटवाल्या मॅडमनी सांगितलं, जे पोटात जाईल ते रोज लिहा. मी म्हटलं, लिहायचंच आहे तर बाकीचंही लिहीन, नुसतं वरणाचं पाणी लिहून कोणाचं मन रमतं? आज: ताकाची निवळ, वरणावरचं पाणी, नारळपाणी. औषधाच्या टोपणाने, घोट घोट.

ऑपरेशनचं दिवाकरशिवाय कोणाला माहीत नाही. कुंदाला सांगितलं, अल्सर आहे, पथ्य आहे. पोट कापून बारीक झाली असं बायकांना कळलं की जन्मभर टोमणे. माझी जाऊ तर बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे सांगेल.

१४ सप्टेंबर

भूक नाही! चाळीस वर्षांत पहिल्यांदा! डॉक्टर म्हणाले होते की भूक जिथून उठते तो भागच काढून टाकलाय. मला वाटायचं, गिऱ्हाईक पटवायला बोलतात. पण खरंच. काल इथल्या सदर बाजारात फिरायला गेलो, दिवाकरने माझ्यादेखत खव्याची जिलेबी खाल्ली, काळी, रसरशीत, आणि मी पाण्याची बाटली धरून निवांत उभी. मी! जिच्यापासून लग्नघरी जिलब्यांची परात लपवून ठेवायचे! मला चक्क रडू आलं. दिवाकरला वाटलं जिलेबीसाठी रडून राहिली, घाईघाईने कागद फेकून आला.

भीती एकच आहे. टाके कच्चे आहेत. घट्ट काही खाल्लं, पोट ताणलं, तर टाके सुटतात आणि आतलं सगळं पोटभर पसरतं. मग माणूस वाचेलच असं नाही. डाव्या खांद्यात कळ आली, ताप आला, की तडक दवाखाना. हे डॉक्टरांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आज: पातळ मुगाचं कढण, निवळ.

१९ सप्टेंबर

पंचाईत झाली. अण्णा स्वतः आले, मागे कुंदा कुंकवाची कोयरी घेऊन. सोमवारी अविधवा नवमी. अण्णांच्या बायको अंजनीबाई तीसेक वर्षांपूर्वी सवाष्ण गेल्या. तेव्हापासून दर पितृपक्षात त्या तिथीला त्यांच्या नावाने एक सवाष्ण जेवते. ती पोटभर जेवली की अंजनीबाई जेवल्या. दरवर्षी येणाऱ्या शरयूबाई लेकाकडे पुण्याला गेल्या, आणि इथे आपल्यातली सवाष्ण शोधायची म्हणजे गावभर फिरा. तर अण्णांनी हात जोडून मला विचारलं. पथ्याचं कुंदाने आधीच उडवून लावलं, एक दिन में क्या होता है दीदी.

तोंडात आलं होतं सगळं सांगून टाकावं. पण तो म्हातारा माणूस हात जोडून उभा, आणि माझी आई म्हणायची, सवाष्णीने आलेलं कुंकू परतवू नये. लावून घेतलं. अण्णांचे डोळे भरले.

दिवाकर भडकला. म्हणाला, नाही म्हणायला काय जीभ झडते? मी म्हटलं, एक डबा पिशवीत नेते, ताटातलं त्यात भरते. गाईला घालू, पुण्यच आहे.

२३ सप्टेंबर

झालं एकदाचं.

या घरात सवाष्णीला एकटं जेवायला बसवतात. स्वयंपाकघरात पाट, समोर अंजनीबाईंचा फोटो, ताटाभोवती रांगोळी, आणि दार ओढून घेतात. कुंदा म्हणाली, सासूबाई जन्मभर सगळ्यांच्या मागून, एकट्याच जेवायच्या. कोणी बघत असलं की त्यांना घास उतरायचा नाही. मला तर हे सोन्यासारखंच झालं. पुरणाच्या पोळ्या, वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, काय सुंदर वाढलं होतं! कढीचे दोन चमचे घेतले. बाकी सगळं भराभर डब्यात.

फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. चारचौघींसारखी बाई, मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले.

दाराबाहेरून अण्णांनी विचारलं, तृप्त झालात? मी मोठ्याने म्हटलं, तृप्त झाले. दार उघडून ते आत आले, उष्टं ताट पाहिलं आणि माझ्या पाया पडले. ऐंशी वर्षांचा माणूस! मला इतकी लाज वाटली की ओटीची साडी नीट हातातही घेता येईना. ते माझ्या पाया पडलेच नव्हते म्हणा. ज्यांच्या पडले त्या उपाशी होत्या.

२४ सप्टेंबर

गाईला डबा घालायला काढला तर रिकामा. नुसता रिकामा नाही, चाटूनपुसून लख्ख. दिवाकर शपथेवर म्हणतो त्याने हात लावला नाही. उंदीर झाकण लावून जात नाही.

दुपारी बाराच्या सुमारास भूक लागली. आधी ओळखूच आली नाही, इतक्या दिवसांनी. पण ही माझी ओळखीची भूक नव्हे. माझी भूक लाडावलेली होती, तिला चिवडा हवा, भजी हवी. ही नुसती हवं म्हणते. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, ती मनाची भूक, पाणी प्या, दहा मिनिटांत जाईल. घोट घोट पाणी प्यायले. गेली नाही. तीन वाजता अंगातून कोणी उठून जावं तशी आपसूक गेली.

पोटात दुखत नाही. ताप नाही. मग डब्यातलं मी खाल्लं नसेलच. मी कशी खाईन?

२५ सप्टेंबर

आज पुन्हा त्याच वेळी. भानावर आले तेव्हा पदराचं टोक माझ्या तोंडात, ओलं, चावून चावून दोरे निघालेलं. ओटीतली नवी साडी. ती मी नेसले कधी?

संध्याकाळी कुंदा चहाला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सासूबाई कशाने गेल्या. तिने त्यांना पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याने सांगितलेलं तिला ठाऊक होतं. पोटाचा आजार. शेवटचा महिना डॉक्टरांनी तोंडाने काहीच द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. आणि त्या मागत राहायच्या. जन्मात कधी काही न मागितलेली बाई, पुरणाची पोळी द्या, एक घास द्या, म्हणून रांगत स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. अण्णांनी डॉक्टरांचं ऐकलं, स्वयंपाकघराला कुलूप घातलं. गेल्या तेव्हा पदर तोंडात होता, दातांतून सोडवता सोडवेना. कुंदा म्हणाली, बाबूजी आजतक खुद को माफ नहीं कर पाए, दीदी.

मी पदर मुठीत लपवून बसले होते.

२६ सप्टेंबर

बारा वाजता जमिनीवर मांडी घालून बसलेली मी. माझे गुडघे दुखतात, मी चार वर्षांत खाली बसले नाही. समोर ताट, ताटाभोवती पाणी फिरवलेलं, ताटात कोरडं बेसन. तोंडात बेसनाचा गोळा. बोटं घालून काढला. थोडं आत गेलं. पोटात कोणी चिमटा लावून पिळावं तसं दुखलं, लोळले मी.

मग मात्र गेले आणि कुंदा-अण्णांसमोर सगळं ओकले. ऑपरेशन, टाके, डबा, दुपारची भूक, पदर, बेसन, खोटं बोलले तेही. मी मरेन हो, म्हटलं, अंजनीबाईंना आवरा. कुंदाने कपाळावर हात मारला. म्हणाली, एक बार बोल तर द्यायचं होतं ना दीदी, दुसरी कोणी बघितली असती! सासूबाईंच्या नावाचं कुंकू लावून घेतलं तुम्ही, आता त्या तुमच्याच हातानं जेवणार ना.

अण्णा रागावले नाहीत. जवळ आले आणि अगदी हळू विचारलं, काय मागते? मी म्हटलं, काय? ते म्हणाले, अंजनी. काय मागून राहिली?

पुरण, मी म्हटलं. मला न विचारताच तोंडातून गेलं.

अण्णा गुडघ्यात तोंड घालून रडले. मग म्हणाले, काळजी करू नका, शनिवारी सर्वपित्री अमावास्या आहे, तेव्हा सगळं नीट करू. जीव भांड्यात पडला. कोणी दुसरी सवाष्ण बघतील.

आज: निवळ. बेसन — किती ते माहीत नाही.

२७ सप्टेंबर

दिवाकरला सांगितलं. आधी हसला, मग पदर पाहिला. उद्या संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढली, नागपूरला डॉक्टरांकडे. उद्या दोन वाजेपर्यंत ड्यूटी सुटत नाही म्हणे.

आज जाताना त्याने आमच्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं. माझ्या भल्यासाठीच. किल्ली घेऊन गेला.

कुलूप पाहिलं आणि अंगात असं काही उसळलं — राग नव्हे, त्याहून जुनं. भानावर आले तेव्हा दाराशी पडले होते. दाराचा रंग नखांत. मी घास द्या, घास द्या म्हणत होते, आवाज माझा नव्हता.

दिवाकरला हे सांगितलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंतच तर —

रात्री काही नाही. ती दुपारीच येते. तिची जेवायची वेळ.

२८ सप्टेंबर, सकाळ

पुरणाचा वास. पहाटेपासून अण्णांच्या घरातून. वेलची, जायफळ. कुंदा म्हणाली बाबूजी स्वतः पोळ्या लाटताहेत, मला हातही लावू देत नाहीत. तिला नर्मदेवर पाठवताहेत, तिथे पान सोडून यायला. मी विचारलं, सवाष्ण कोण येणार? तिला वाटलं मला माहीत असेल. ती गेली.

कोणी येणार नाही.

दिवाकरचा फोन लागत नाही. फॅक्टरीत आत नेऊ देत नाहीत फोन. खोलीची कडी लावली. पलंगाला धरून बसलेय. दोनपर्यंत. फक्त दोनपर्यंत.

दुपार

अंगण कधी ओलांडलं आठवत नाही. वही सोबत आणली. पाटावर बसलेय. डाव्या हाताने लिहितेय, उजवा माझा नाही.

दार ओढलेलं आहे. पण अण्णा आत आहेत. समोरच बसलेत. आज तिला कोणी बघितलेलं चालतंय —

सांगितलं त्यांना. टाके सुटतील, मी मरेन, मी विनता आहे, मला सोडा. रडून सांगितलं. ऐकलं त्यांनी. मान हलवली. म्हणाले, तेव्हा मी डॉक्टरचं ऐकलं. ती असंच रडून राहिली होती. आता कोणाचं ऐकणार नाही.

मोडून भरवताहेत. किती मायेनं. ओठ मिटते, उघडतात. गिळत नाही मी, गिळलं जातं —

दुसरी पोळी

आत काहीतरी सुटलं. ऊन ऊन. डावा खांदा —

ती थांबत नाही. तिला दुखत नाही, दुखतं ते मला. तिला इतका आनंद होतोय, देवा, मला तो कळतोय, माझ्याच जिभेवर —

दिवाकर ये

अण्णा विचारताहेत तूप वाढू का. नाही म्हणतेय मी. नाही नाही म्हणतेय आणि ताट पुढे कर