मागच्या खोलीतलं वायफाय

३ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला वायफायचा डोंगल लावला. दिवा लागला नाही. कॉम्प्युटर म्हणतो — अनोळखी उपकरण. नऊ वर्षं माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, आणि म्हणे अनोळखी!

सोबतची सीडी सापडली. फिरते, खरखरते, थांबते. ओरखडेच ओरखडे.

हा खटाटोप कशासाठी ते लिहून ठेवतो. हिच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. गाठ गेली, जाताना आवाज घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राची एक बाजू सुस्तावलीये. व्यायाम केले तर आवाज येईल. गप्प बसून राहिल्या, तर सांगता येत नाही." व्यायाम शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या शहरात, म्हणून तास व्हिडिओवर. राउटर हॉलमध्ये, आणि हिला हॉलमध्ये बसायचं नाही. वहीत लिहिलं — 'माझं ते घोगरं घुं घुं कुणी ऐकायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.' मागची खोली, दार लावून. मोबाइल दोघांचेही साधे, बटणांचे. वायर ओढली तर दार लागत नाही. राहिला डोंगल, वायरीशिवाय राउटरचं नेट पकडणारा.

पहिला तास गुरुवारी पाचला.

४ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "काका, फेका तो. नवा मागवतो, दहा दिवस लागतील."

म्हटलं, दहा दिवस नाहीत.

"मग ड्रायव्हर शोधा. तुम्ही पाण्याच्या पंपावर होतात ना? मोटर आहे, वीज आहे, पण नव्या ऑपरेटरला ती चालवायची कशी हे कुणी सांगितलंच नाही. ते सांगणारा कागद म्हणजे ड्रायव्हर."

कळलं. असं आधी कुणी सांगितलं असतं तर!

गंमत अशी — ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही! शेवटी कॉम्प्युटरच उचलून हॉलमध्ये आणला आणि वायरने राउटरला जोडला. हिने कीबोर्ड घेतला, बाकीचं धूड मी. कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलचा पत्ताच नाही. जणू बनवलाच नव्हता.

५ फेब्रुवारी

तीन ड्रायव्हर टाकले. तिन्ही भलतेच. त्यातल्या एकाने सोबत जाहिरातींचं लटांबर आणलं, ते हुसकावण्यात दुपार गेली.

जेवताना हे सगळं हिला सांगितलं. एरवी जेवताना ही बोलते आणि मी हं म्हणतो. पंपघरात बत्तीस वर्षं काढली, तिथे घरघरीत कोण कुणाशी बोलणार? हातवारे. तीच सवय घरी आली. ही शाळेत शिकवायची, घरी येऊन माझ्या वाटणीचंही बोलायची. आता टेबलावर फक्त चमच्यांचा आवाज. तो सहन होईना म्हणून बोललो. हिने वही ओढली — 'मग? पुढे काय झालं?'

६ फेब्रुवारी, गुरुवार

लागला!

दुरुस्तीवाला म्हणाला, "वरचं नाव बघू नका, पोटातल्या चिपचा नंबर बघा." पिवळ्या त्रिकोणावर क्लिक करत करत आत शिरलो, नंबर मिळाला. प्लास्टिकवर नाव एका कंपनीचं, चिप दुसरीच्या पदरची. त्या दुसरीच्या पानावर ड्रायव्हर होता, जुन्या विंडोजचा. आपणहून बसेना. हाताला धरून फोल्डर दाखवला, तेव्हा बसला. सव्वाचार वाजले होते. कॉम्प्युटर परत मागच्या खोलीत. पाचला ही आत गेली, कडी लावली.

मी हॉलमध्ये बसलो. टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

९ फेब्रुवारी

दर पंधरा मिनिटांनी तुटतो. ही दार उघडून हात हलवते. मी जातो, डोंगल उपटतो, परत खोचतो. पडद्यावर थेरपिस्टबाई आ वासून गोठलेल्या.

११ फेब्रुवारी

चोर घरातच! वीज वाचवायला कॉम्प्युटर स्वतःच डोंगलला झोपवत होता. एका चौकोनातली बरोबरची खूण काढली. संपलं.

जेवताना सांगायला घेतलं आणि गाडी कुठल्या कुठे गेली. झडप अडकून पंपघरात पाणी भरलं होतं, मी आणि थोरले ऑपरेटर कमरेइतक्या पाण्यात तास-दीड तास, वीज चालू की बंद तेही कळेना. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घडलेलं. हिला कधी सांगितलं नव्हतं. का, माहीत नाही.

वहीत — 'भीती वाटली होती?'

हो म्हणालो.

१४ फेब्रुवारी

नेट ठीक. तास ठीक.

२० फेब्रुवारी

डोंगलबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी जेवताना बोलणं चालू आहे. काल माझ्या भावाविषयी. आमचं का फाटलं, त्यात माझी चूक किती. अर्धी पोळी हातात तशीच राहिली. ही एकटक बघत ऐकत होती.

आवाज अजून नाही. विचारलं तर मान हलवते. व्यायामाचे सात तास झाले. नऊ आठवडे उलटून गेले. डॉक्टरांचं 'सांगता येत नाही' डोक्यात फिरतंय. आज ही अंघोळीला गेली तेव्हा वही उघडली, पाठकोऱ्या पानांसकट भरत आलीये. दुकानातून दोनशे पानी नवी आणून ठेवली. ठेवताना बरं वाटलं नाही.

२५ फेब्रुवारी

थेरपिस्टबाईंचा फोन, तासाची वेळ बदलायला. धीर करून विचारलं, आवाज येईल ना?

"येईल म्हणजे? काका, त्या गेल्या आठवड्यापासून माझ्याशी मस्त गप्पा मारतायत!"

मागच्या खोलीत जाऊन हिच्यासमोर उभा राहिलो. चेहऱ्यावरूनच कळलं असणार. हिने वही घेतली नाही.

"मी बोलायला लागले असते," ही म्हणाली — खरखरीत, खालच्या पट्टीत, मी कधी न ऐकलेला आवाज — "तर तुम्ही परत गप्प झाला असता."